अनुभव धागा: 'मूळ गोष्ट' शोधायची भानगड

पिंपळपान
सिंड्रेलाचा तो फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय: 'मूळ गोष्ट रक्तबंबाळ होती, नंतर मुलांसाठी गोड केली.' जुनी खपली निघाली, म्हणून धागा. फ्रेंच लेखक पेरोची सिंड्रेला १६९७ची. तिच्यात रक्ताचा थेंब नाही. शेवटी ती बहिणींना माफ करते आणि चांगल्या घरी त्यांची लग्नंही लावून देते. टाच आणि अंगठा कापायचा प्रकार लोककथा गोळा करणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पुस्तकातला. पाखरांनी बहिणींचे डोळे फोडणं तर त्यातही नाही, ते १८१९च्या दुसऱ्या आवृत्तीत आलं. म्हणजे गोड सोडाच, गोष्ट तिखट होत गेलीय!
लोककथा गोळा करणाऱ्यांनी, सांगणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी लिहा. मूळ कसं शोधता, कुठे फसगत होते, आणि या गोष्टी टिकतात कशाच्या जोरावर?

रानवाटा
इटालियन लेखक बासिलेला विसरलात की! नेपल्स, १६३४ ते ३६. त्याची नायिका पेटीचं झाकण आपटून सावत्र आईची मान मोडते. तेव्हा 'तिखट होत गेली' हेही खरं नाही. आणि त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात चीनमध्ये लिहिलेली ये-श्यान नावाच्या मुलीची गोष्ट आहेच. माशाच्या हाडांकडे मागणं मागायचं, सोन्याचा जोडा, सगळं आहे. 'मूळ' शब्द काढा, 'सगळ्यात जुनी लिहून ठेवलेली' म्हणा.

पिंपळपान
मान्य. मानेसकट.

टिंबटिंब
तो जोडा काचेचा नव्हता, फरचा होता ना? फ्रेंचमध्ये दोन्ही शब्दांचा उच्चार एकच, म्हणून घोळ झाला असं वाचलंय.

रानवाटा
नाही हो. पेरोने काच असंच छापलंय. फरची शंका एकोणिसाव्या शतकातल्या शहाण्यांची. काचेचा जोडा ताणून बसवता येत नाही, सगळी गंमत त्यातच आहे. फरचा कुणाच्याही पायात गेला असता.

ओवी_अनोवी
पद्धत लिहिते. मोबाईलवरून आहे, चुका पोटात घाला.
आधी नावं, गावं, कपडे, राजा की सावकार हे सगळं काढून टाका. उरलेल्या घटना एकाखाली एक लिहा: छळ, मदत, वेश बदलून समारंभ, खूण मागे राहणं, खुणेवरून ओळख. मग कथाप्रकारांच्या सूचीत, म्हणजे सारख्या घडणीच्या गोष्टींना एक क्रमांक देणाऱ्या यादीत, क्रमांक बघा. लोककथा-अभ्यासक आर्नेने ती १९१०मध्ये केली, थॉम्पसनने १९२८ आणि १९६१मध्ये वाढवली, उथरने २००४मध्ये नव्याने मांडली. सिंड्रेला ५१०ए, लाल टोपीवाली ३३३, हान्सेल-ग्रेटेल ३२७ए.
फसगत इथे होते की एक खूण जुळली की लोक 'तीच गोष्ट' म्हणून मोकळे होतात. रोडोपिस नावाच्या बाईची गोष्ट बघा. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने सांगितलेली, दोन हजार वर्षं जुनी. गरुड चप्पल उचलतो, राजाच्या मांडीवर टाकतो, राजा तिला शोधून लग्न करतो. सावत्र आई नाही, छळ नाही, मदत करणारं कुणी नाही. पाचातली शेवटची एक-दोन कलमं जुळतात, म्हणून तिला 'पहिली सिंड्रेला' म्हणायचं? क्रम जुळला पाहिजे, नुसता जोडा नाही.
दुसरा खड्डा म्हणजे छापील पुस्तकातून तोंडात परत आलेली गोष्ट. बिनमहत्त्वाचा तपशील, एखादं वाक्य जसंच्या तसं जुळलं की संशय घ्या. ग्रिमना कथा देणारे बरेचसे शिकलेले, फ्रेंच गोष्टी माहीत असलेले होते. 'बुटवाला बोका' आणि 'निळी दाढी' त्यांनी १८१९मध्ये स्वतःच वगळल्या, फारच पेरोच्या वाटल्या म्हणून. बस आली, बाकीचं नंतर.

चकवा
+१. वाचनखूण साठवली.

सूत्रधार
टिकण्याबद्दल. मानसशास्त्रज्ञ बार्टलेटने १९३२च्या पुस्तकात मांडलेला प्रयोग आठवा. लोकांना अनोळखी संस्कृतीतली भुतांच्या लढाईची गोष्ट वाचायला दिली, मग आठवून लिहायला लावली, आणि ते लिहिलेलं पुढच्याला. होडग्याची साधी नाव झाली, न कळलेलं गळालं. अशी शंभर तोंडं फिरल्यावर उरतं ते गुळगुळीतच.
सांगणाऱ्यांसाठी: डॅनिश लोककथा-अभ्यासक ऑल्रिकने १९०९मध्ये मांडलेले नियम अजून लागू पडतात. एका प्रसंगात दोनच पात्रं बोलती ठेवा. तीन फेऱ्या, म्हणजे तोच प्रसंग तीनदा, वजन शेवटच्या फेरीवर. पहिल्या दोन फेऱ्यांचे शब्द तंतोतंत तेच हवेत. 'कंटाळा येईल' म्हणून दुसऱ्या फेरीत शब्द बदललेत की ऐकणाऱ्याची मोजणी चुकते, मग तिसऱ्या फेरीतला बदल त्याला बदल वाटतच नाही. नवखे हमखास इथेच पडतात.

टिंबटिंब
आम्ही घरात तीन-तीन फेऱ्या तंतोतंत त्याच शब्दांत सांगतो, तरी ओला टॉवेल पलंगावरच 😄

चकवा
चौथी फेरी राक्षसाची करून बघा.

भूगर्भ
पुराणकथांमागे खऱ्या घटना असतात का, हा प्रश्न आल्याशिवाय राहणार नाही, आधीच लिहितो. असतात, पण फार थोड्यांमागे. अमेरिकेतल्या ओरेगनच्या क्लॅमथ या मूळ रहिवाशांच्या कथेत पाताळातल्या आणि वरच्या जगातल्या देवांचं युद्ध होतं, तापलेले दगड उडतात, डोंगर आत कोसळतो. माझामा ज्वालामुखी सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी तसाच कोसळला, तिथे आज क्रेटर लेक आहे. माझी कसोटी अशी: आजचा भूभाग नुसता बघून जे सुचणार नाही, ते कथेत आहे का? खळगा बघून 'डोंगर खचला' कुणीही म्हणेल. आगीचा वर्षाव मात्र तळ्याकडे बघून सुचत नाही.
उलट उदाहरण एकडोळ्या राक्षसाचं. सिसिलीतल्या खुज्या हत्तींच्या कवटीत सोंडेचं भोक मधोमध असतं, त्यावरून तो सुचला म्हणे. छान आहे, पण हा तर्क १९१४चा. प्राचीन लेखकांपैकी कुणी ती कवटी आणि तो राक्षस यांची सांगड घातलेली नाही. मी तरी हे ओढूनताणून म्हणेन.

माजघर
मिथक, दंतकथा, परीकथा यात फरक काय? सगळे सरमिसळ करतात.

ओवी_अनोवी
लोककथा-अभ्यासक बॅस्कमची १९६५ची विभागणी कामाला येते. मिथक खरं मानतात आणि पवित्रही, काळ जगाच्या आरंभीचा. दंतकथा खरी मानतात, पण माणसांची, अलीकडची, ठिकाणासकट. परीकथा सांगणाऱ्यालाही खोटी माहीत असते. 'आटपाट नगर होतं' म्हटलं की पत्ता विचारायचा नाही, हा करार झाला! पण तीच गोष्ट एका गावात दंतकथा आणि दुसऱ्या गावात परीकथा असू शकते, म्हणून नोंदवताना सांगणाऱ्याला 'हे झालं होतं का?' असं विचारून उत्तर शेजारी लिहायचं.

माजघर
धन्यवाद ताई. आणि सगळीकडे सावत्र आईच का?

रानवाटा
सगळीकडे नव्हती. ग्रिमच्या १८१२च्या हिमगौरीत सख्खी आईच मुलीला मारायला निघते. १८१९ला ती सावत्र केली. हान्सेल-ग्रेटेलची आई सावत्र झाली १८४०च्या आवृत्तीत.

टिंबटिंब
अरे देवा. हे आता फॉरवर्ड करू नका कुणी.