घरच्या सुतारकामाला पिन गन हवीच कशाला?

ओट्यावरचा_सुतार (इंदिरानगर):
चपलांचं कपाट करायला घेतलं तेव्हा शेजाऱ्यांची विजेवरची पिन गन (घोडा दाबला की बारीक खिळा, म्हणजे पिन, लाकडात मारणारं यंत्र) दोन दिवसांसाठी आणली. परत केली आणि मत पक्कं झालं: हौशी माणसाने यात पैसे घालू नयेत. अख्ख्या कपाटाला चाळीसेक खिळे लागले, हातोडीने अर्ध्या तासाचं काम. मापं, कापणं आणि काटकोन जुळवणं यात मात्र तीन रविवार गेले. तिथे गन काय करणार? त्यात वरची फळी जुन्या वाड्याच्या सागवानाची. पिन दोन-तीन मिलिमीटर वरच राहायची, शेवटी हातोडीनेच बसवली. बोला.

सिडको_७१:
एकट्याने काम करून बघा. एका हातात पट्टी, दुसऱ्यात हातोडी, खिळा काय दातात धरायचा? फेविकॉल लावलेली पट्टी पहिल्याच ठोक्याला सरकते. गनने टक् केलं की बसली. माझा उजवा खांदा आखडलाय, हात डोक्याच्या वर जात नाही. मला ही चैन नाही.

ओट्यावरचा_सुतार:
खांद्याचं मान्य. पण खिळा धरायला जुना कंगवा घ्या, दात्यांत अडकवा, बोट वाचतं.

सिडको_७१:
आणि कंगवा धरायला तिसरा हात?

पंचवटीकर:
माझ्याकडे हॅमर मशीन पडून आहे, त्यानेच होईल ना?

सातपूरचा_मिस्त्री:
दादा, ते काँक्रीटला भोक पाडायचं. पडद्याचा रॉड लावा त्याने, लाकडाजवळ नेऊ नका.
आता मूळ मुद्दा. आमच्या साइटवर कॉम्प्रेसरच्या हवेवरची गन दिवसभर चालते, कारण आम्हाला पिनाही तेवढ्याच लागतात. पण तिच्यात जाते १८ गेजची, म्हणजे बारीक जाडीची पिन, नेहमीच्या गनला जास्तीत जास्त ३० मिलिमीटर. १९ च्या प्लायमधून गेली की खालच्या तुकड्यात ११ उरली. त्यावर कपाट उभं राहत नाही, ते उभं राहतं फेविकॉलवर. पिन फक्त तो सुकेपर्यंत धरून ठेवते. गिऱ्हाईक म्हणतं पिना जास्त मारा. मी म्हणतो, स्क्रू मारतो.
आणि प्लायच्या कडेत मारताना दुसरा हात लांब ठेवा. पिन थरात वळते आणि बाजूने बाहेर येते. आमच्या पोऱ्याच्या बोटात गेली होती. गन टेकवून दाबल्याशिवाय सुटत नाही, ती सोय काही शहाणे काढून टाकतात. तसलं करू नका.

निफाडची_चाळ:
तुम्हा शहरातल्यांना कपाटापलीकडे काही दिसत नाही. आम्ही कांदाचाळ दुरुस्त केली, तीन इंची खिळे, पट्ट्यांवर पट्ट्या. पिन गन तिथे खेळणं. पण पाम नेलर नावाचा हवेवर चालणारा ठोकळा मिळतो, तळहातात मावतो. साधाच खिळा तोंडातल्या चुंबकाला लावायचा, दाबलं की धडाधड ठोके घालत आत नेतो. छपराखाली, जिथे हातोडी उगारायला जागाच नाही, तिथे यानेच काम झालं. वाळलेल्या बाभळीत मात्र यालाही आधी भोक पाडून द्यावं लागलं.

ओट्यावरचा_सुतार:
त्याला हवा कुठून?

निफाडची_चाळ:
ट्रॅक्टरच्या टायरसाठी कॉम्प्रेसर आहेच की.

ओट्यावरचा_सुतार:
हेच म्हणतोय. कॉम्प्रेसर घरात असेल तर खुशाल घ्या. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, तो ठेवू कुठे? देव्हाऱ्याखाली?

गंगापूररोड_तिसरा_मजला:
वरच्या फ्लॅटमध्ये असाच एक हौशी आहे, रविवारी दुपारी दोनला सुरू होतो. गन असती तर एकदा टक् झालं असतं. हातोडी म्हणजे ठक, ठक, ठक, मग खिळा वाकतो, मग शिवी, मग पुन्हा ठक. माझं मत गनला, तीही विजेवरची. कॉम्प्रेसरचा घुर्राट नको.

ओट्यावरचा_सुतार:
खिळा वाकतो तो सरळ मारत नाही म्हणून. बरं मिस्त्री, सागवानात खिळा चिरा न पाडता कसा घालू?

सातपूरचा_मिस्त्री:
टोकावर हातोडीची एक टिचकी मारून ते बोथट करा. टोकदार खिळा लाकूड फाकवतो, बोथट चिरडत जातो. कडेला असेल तर खिळ्यापेक्षा बारीक बिटने ड्रिल मारून घ्या, थोडा साबण लावा, मग हातोडी.

सिडको_७१:
बघा. ड्रिल आलंच ना? पॉवर ती पॉवर.