मदत हवी आहे: २९ आठवड्यांची मुलगी, मिल्क बँकेच्या दुधासाठी सही करावी का?

रात्रीचे साडेअकरा झालेत, एनआयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून लिहितोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

परवा पहाटे आम्हाला मुलगी झाली. तारखेला अजून अकरा आठवडे होते. बायकोचं बीपी एकदम चढलं आणि सिझर करावं लागलं. वजन १,१०० ग्रॅम. श्वासाला मशीनचा आधार आहे, पण डॉक्टर म्हणाले पोरगी चिवट आहे. तोंडातून पोटात बारीक नळी घातलीय, तिच्यातून दर दोन तासांनी २ मिली दूध द्यायचं ठरलंय. दोन मिली! औषधाच्या टोपणाचा तळ झाकेल एवढं. आणि आमच्याकडे तेवढंही नाही.

बायकोला काल संध्याकाळपर्यंत मॅग्नेशियमची ड्रिप होती. आज पहिल्यांदा पंप लावला. अर्धा तास बसली, बाटलीला नुसती ओल. डॉक्टरांनी सांगितलं की इथल्या मिल्क बँकेतलं दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध देऊ, सकाळी संमतीपत्रावर सही करा. नको असेल तर पावडरचं, पण त्यांचा कल बँकेकडे आहे.

घरात दोन पक्ष पडलेत. माझी आई म्हणते, कुणाचं कुठलं दूध, काही रोगबिग असला तर? सासूबाईंनी अळिवाची खीर सुरू केलीय, त्यांचं म्हणणं दोन दिवस थांबा, पान्हा फुटेल. बायको कुणाशीच बोलत नाही. मला एवढंच म्हणाली, "तिला दुसरीचंच पाजायचं असेल तर माझं काय काम?"

हे दूध नक्की तपासलेलं असतं का? बँकेचं सुरू केलं की बायकोचं येणारच नाही, असं तर नाही ना? आणि संगमनेरला माझी चुलत वहिनी आहे, तिचं बाळ तीन महिन्यांचं, दूध भरपूर. ती म्हणते मी काढून पाठवते. घरचंच असलेलं बरं नाही का? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

नीरजा_ठाणे
आधी अभिनंदन. मुलगी झालीय, हे या धावपळीत कुणी म्हटलं नसेल.

माझा मुलगा ३० आठवड्यांचा, आता चार वर्षांचा आहे आणि आत्ता सोफ्यावरून उड्या मारतोय. त्याला पहिले नऊ दिवस बँकेचं दूध दिलं. मलाही तिसऱ्या दिवशी ओलच होती. सिझर, बीपी, बाळ जवळ नाही, मग दूध यायला वेळ लागतोच. तिला सांगा, पंपापेक्षा पहिल्या दिवसांत हाताने काढलेलं जास्त निघतं. चीक घट्ट असतो, पंपाच्या नळीतच चिकटून बसतो. नर्सला शिकवायला सांगा. थेंबभर निघालं तरी फेकू नका, सिरिंजमध्ये घेऊन द्या. आमच्याकडे तो थेंब बाळाच्या गालाला आतून लावायचे.

आणि दिवसातून आठ-दहा वेळा काढायचं, रात्रीचं एक चुकवायचं नाही. बँकेचं दूध घेतल्याने आपलं थांबत नाही, काढायचं थांबवलं की थांबतं.

बालवैद्य
नवजात शिशु विभागात काम करतो. बाळ न बघता उपचारांवर बोलणार नाही, बँकेबद्दल सांगतो.

दान करणारी आई म्हणजे जिचं स्वतःचं बाळ पोटभर पिऊनही दूध उरतं ती. तिची एचआयव्ही, कावीळ बी आणि सिफिलिस यांसाठी रक्ततपासणी होते, तंबाखू, दारू, चालू औषधं विचारतात. मग दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून लगेच गार करतात, जंतू वाढतात का ते प्रयोगशाळेत बघतात आणि पास झालेलंच उणे २० अंशांना गोठवून ठेवतात. बहुतेक ठिकाणी अनेक आयांचं एकत्र केलेलं असतं, त्यामुळे "कुणाचं" याला तसं उत्तर नाही.

तापवल्यावर काही जातंच. जिवंत पेशी मरतात, रोगापासून वाचवणारे काही घटक कमी होतात. म्हणून पहिला मान आईच्या ताज्या दुधाचा, तो येईपर्यंत बँकेचं. जागतिक आरोग्य संघटनेचा क्रमही हाच आहे. हे दूध बहुधा पूर्ण दिवसांच्या बाळांच्या आयांचं असतं, त्यात प्रथिनं कमी पडतात. त्यामुळे पुढे तुमचे डॉक्टर त्यात पोषण वाढवणारी पूड मिसळायला सांगतील, ती पावडरचं दूध नव्हे, तेव्हा दचकू नका.

वहिनींचं दूध मात्र असं थेट देऊ नका. नातं जवळचं असलं तरी तपासणी झालेली नसते, आणि एसटीने डब्यातून आलेलं कच्चं दूध १,१०० ग्रॅमच्या बाळाला देणं मला मान्य नाही. त्यांना द्यायचंच असेल तर बँकेत नाव नोंदवू दे.

जुनाजाणता
एवढा बाऊ कशाला? आमचा पुतण्या ३२ आठवड्यांचा होता, पावडरवर वाढला. वजन पण भराभर वाढलं.

बालवैद्य
वजन पावडरवर जरा जास्त वेगाने वाढतं, हे खरं आहे. पण इतक्या कोवळ्या आतड्यांना सूज येऊन त्यांचा भाग सडण्याचा एक आजार होतो, आम्ही त्याला एनईसी म्हणतो. पावडरवर तो धोका दान केलेल्या दुधाच्या साधारण दुप्पट असतो. त्यात ऑपरेशन लागू शकतं, बाळ दगावूही शकतं. पुतण्या सुखरूप राहिला याचा आनंदच आहे. मी मात्र असं ऑपरेशन झालेली बाळं सांभाळली आहेत.

भोरकर
आजींना कापूरहोळची आठवण करून द्या. आमच्या तालुक्यातलं गाव. शंभूराजे झाले तेव्हा सईबाईंची प्रकृती ढासळलेली, तेव्हा त्यांना पाजायला धाराऊ गाडे इथूनच गेली. राजघराण्याने तिला दूधआईचा मान दिला. "कुणाचं कुठलं" असं विचारत बसले नाहीत.

माणिकमोती
मी देणाऱ्यांतली. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी बँक सुरू केली, आशियातली पहिली. माझी धाकटी झाली तेव्हा मी तिथे दूध दिलं. पैसे मिळत नाहीत, मिळूही नयेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये पत्रक काढून आईच्या दुधाचा धंदा करायला मनाईच केलीय. दान वेगळं.

एका वेळचे १०० मिली दिले की नर्स म्हणायची, चार पिल्लांचा आजचा दिवस निघाला. मला आधी पटायचं नाही. तुमचं दोन मिलीचं गणित वाचून आज हिशोब केला, बरोबर निघतो. तुमच्या बायकोला सांगा, आम्ही तिची जागा घेत नाही हो. फ्रिजरमधली बाटली तिला छातीशी धरू शकत नाही. डॉक्टर हो म्हणाले की कांगारू, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरणं, सुरू करायला सांगा, अंगाला अंग लागलं की पान्हाही वाढतो.

प्रश्नकर्ता
सर्वांना उत्तर द्यायला दीड दिवस लागला, माफ करा.

सकाळी सही केली. आईला भोरकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण दुपारी नर्सला विचारत होती की दूध कोमट करून देता ना. सासूबाईंची खीर चालूच आहे. वहिनी सोमवारी बँकेत रक्त द्यायला येणार आहे.

बायकोने नर्सकडून हाताने काढायला शिकून घेतलं. काल रात्री अडीच वाजता सिरिंजमध्ये दीड मिली आलं. मी ते धरून जिन्यावरून पळत गेलो, लिफ्टचं सुचलंच नाही. सिस्टरने आधी लेबल लावलं. पोरीचं नाव ठेवलेलं नाही, त्यामुळे त्यावर "बेबी ऑफ" आणि पुढे बायकोचं नाव. तिला फोटो काढून दाखवला. दोन मिलीतलं उरलेलं अर्धं मिली बँकेचं घातलं.

उद्या बायकोला डिस्चार्ज आहे, बाळ इथेच राहील. घरी रात्री काढलेलं सकाळी आणायचं असेल तर थर्मास चालेल का?

नीरजा_ठाणे
रिकामा थर्मास नको. छोटी आइसबॉक्स घ्या, आत बर्फाचे पॅक. बाटल्या युनिटमधूनच मागून घ्या, त्या निर्जंतुक असतात. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ. घरी काढलं की लगेच फ्रिजमध्ये, पण दाराच्या कप्प्यात नाही, आत मागे. आणि मध्यरात्रीचा गजर तुम्ही लावा, तिला लावायला सांगू नका.