सर फ्रान्सिस बर्डेट: पिढीजात 'सर', तरी कॉमन्समध्ये कसे?

कट्टेकरी: लंडनच्या १८१० च्या दंगलीबद्दल वाचताना हे नाव भेटलं. पाचवे बॅरोनेट, पदवी आजोबांकडून आलेली. मग माणूस लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या सभागृहात, का नाही? आणि खासदाराला खुद्द पार्लमेंटनेच टॉवर ऑफ लंडनच्या किल्ल्यात डांबलं, ही काय भानगड? जाणकारांनी उजेड पाडावा.

मिरची_भजी: बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे. 'सर' वारशाने मिळतं, लॉर्ड्समधली खुर्ची नाही. पार्लमेंटमध्ये जायचं तर कॉमन्सवर निवडून यावंच लागे.

जुनी_पानं: 'निवडून' म्हणजे कसं तेही बघा. १७९६ मध्ये बरोब्रिजची जागा बर्डेटसाठी चक्क विकत घेतली होती. सासरे थॉमस कूट्स बँकवाले, पैशाला काय तोटा! पुढे हाच गडी असल्या विकाऊ जागांवर आयुष्यभर तुटून पडला. मला म्हणूनच तो आवडतो.

आता भानगड. वाल्खेरेन या डच बेटावरच्या फसलेल्या ब्रिटिश लष्करी मोहिमेची चौकशी कॉमन्सने प्रेक्षकांना बाहेर काढून चालवली. जॉन गेल जोन्स या जहाल वक्त्याने त्यावर टीका करणारं पत्रक लावलं, तर सभागृहाने त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं. बर्डेट म्हणाला, नागरिकाला असं कोंडायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी? हेच त्याने विल्यम कॉबेट या जहाल पत्रकाराच्या साप्ताहिकात छापलं. झालं, सभापतींचं वॉरंट निघालं.

पठ्ठ्याने पिकॅडिलीतल्या घराची दारं लावून घेतली. बाहेर ही गर्दी, दगडफेक, घोडदळ. ९ एप्रिलला शिपाई घुसले तेव्हा स्वारी मुलाला मॅग्ना कार्टा, म्हणजे मनमानी अटकेला आळा घालणारी १२१५ ची सनद, शिकवत बसलेली! (योगायोग? मला नाही वाटत.)

कट्टेकरी: भारीच. सुटला कधी?

जुनी_पानं: जूनमध्ये अधिवेशन संपल्यावर. मिरवणुकीसाठी लोक टॉवरबाहेर ताटकळत होते आणि हा थेम्सवरून नावेत बसून पसार. रक्तपात टाळायला, असं त्याचं म्हणणं. समर्थक मात्र जाम भडकले.

मिरची_भजी: म्हणजे ऐन वेळी शेपूट घातलं.

जुनी_पानं: इतकं सोपं नाही हो. १८१९ मध्ये पीटरलूला (मँचेस्टरमध्ये) घोडदळाने निःशस्त्र सभेवर तलवारी चालवल्या, तेव्हा मतदारांना जळजळीत पत्र लिहून त्याने तीन महिने कैद आणि २,००० पौंड दंड भोगला. तुमच्या सोयीचा मुद्दा हवा तर तो वेगळाच आहे: १८३७ मध्ये वेस्टमिन्स्टर हा लंडनमधला आपला मतदारसंघ सोडून हा सुधारणावाला नॉर्थ विल्टशरहून चक्क कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे पुराणमतवादी पक्षाचा, म्हणून निवडून आला.