फिकंडेबिलिटीला मराठीत काय म्हणावं?

मुळाक्षर: गर्भनिरोधक न वापरणाऱ्या जोडप्याला एका मासिक चक्रात गर्भ राहण्याची संभाव्यता म्हणजे फिकंडेबिलिटी, इटालियन संख्याशास्त्रज्ञ जिनी यांची १९२४ची संज्ञा. भाषांतरात 'प्रजननदर' लिहिलं, संपादकांनी खोडलं.

बोरूबहाद्दर: खोडणारच. प्रजननदरात झालेले जन्म मोजतात. 'फलनसंभाव्यता' घ्या.

नीरक्षीर: गणितात फलन म्हणजे फंक्शन. 'फलनसंभाव्यतेचे फलन' लिहायची वेळ येणार! शिवाय जीवशास्त्रातलं फलन, म्हणजे शुक्राणू-बीजांडाचं मीलन, झालं तरी गर्भ रुजेलच असं नाही. घोळ मराठीपुरता नाही म्हणा: लोकसंख्याशास्त्रात इंग्रजी फर्टिलिटी म्हणजे झालेले जन्म, फ्रेंच फर्टिलिते म्हणजे क्षमता.

आडवाटे: 'दिवस राहण्याची शक्यता' काय वाईट आहे?

बोरूबहाद्दर: मग 'टाइम टू प्रेग्नन्सी'चं, म्हणजे गर्भ राहीपर्यंतच्या काळाचं, 'दिवस जायला लागणारे दिवस' करा! आणि ते मोजतात चक्रांत.

नीरक्षीर: 'क्षमता' मात्र नको, वाचक ती बाईच्या माथी मारतो. हा आकडा जोडप्याचा. सगळ्यांची संभाव्यता ०.२ धरली तर सरासरी ५ चक्रं. तीन चक्रांत ४८.८ टक्के जोडप्यांना गर्भ राहतो, चारांत ५९ टक्के, म्हणून मध्यक ४. प्रत्यक्षात ज्यांना पटकन राहतं ती जोडपी आधी बाहेर पडतात, म्हणून उरलेल्यांचा आकडा चक्रागणिक घसरतो. सगळ्यांची संभाव्यता सारखी धरणारं साधं भूमितीय वितरण तिथे तोकडं पडतं. वाइनबर्ग-ग्लॅडन या संशोधकांनी १९८६मध्ये बीटा-भूमितीय, म्हणजे जोडप्यागणिक संभाव्यता वेगळी धरणारं वितरण, वापरलं ते त्यासाठीच.

मुळाक्षर: 'सेन्सॉर्ड' जोडप्यांना, म्हणजे गर्भ राहण्याआधीच ज्यांची नोंद थांबली त्यांना, मी 'वगळलेली' म्हटलंय.

नीरक्षीर: घात केलात! १०० जोडपी, पहिल्या चक्रात २० जणींना राहिलं, ते चक्र पुरं करून ५ जोडप्यांनी प्रयत्न सोडले. पहिल्या चक्राचा छेद १००च, दुसऱ्याचा ७५. ती ५ मुळातूनच वगळलीत तर पहिल्याचा छेद ९५ होतो आणि ०.२०चे ०.२१ होतात. चक्रागणिक असं होत गेलं की गर्भ लवकर राहतो असा भास होतो. 'खंडित नोंद' लिहा.

बोरूबहाद्दर: खंड नोंदीत कुठे पडलाय? पुढचं कळलं नाही, एवढंच. 'अपूर्ण नोंद'.

नीरक्षीर: अपूर्ण म्हणजे रकाना रिकामा राहिलेली. ती वेगळी भानगड.

आडवाटे: सेन्सॉर्डच ठेवा की. सिनेमाला चालतं.

बोरूबहाद्दर: सिनेमात कापतात, इथे कापायचं नाही म्हणून तर वाद चाललाय!

मुळाक्षर: आणि मूळ शब्द?

आडवाटे: त्याआधी 'चक्र'ऐवजी 'पाळी' करा.

नीरक्षीर: पाळी म्हणजे स्राव. चक्र म्हणजे स्रावाच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या स्रावाच्या आदल्या दिवसापर्यंत.

आडवाटे: मग 'पाळी चुकली' म्हणतात तेव्हा काय चुकतं?