मदत हवी आहे: झायलोग्लुकन सेल्युलोजला चिकटतच नाहीये

सायली_वनस्पती:
एम.एस्सी.चा प्रकल्प आहे, सोमवारी सरांना निकाल दाखवायचाय आणि तिसऱ्यांदा तेच रडगाणं. झायलोग्लुकन (वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतली साखरेची लांब साखळी) आणि सेल्युलोज (तिथलेच तंतू) पाण्यात एकत्र करून रात्रभर हलवते, सेंट्रिफ्यूज करते, वरच्या पाण्यातली साखर मोजते. चिकटलं तर साखर कमी व्हायला हवी ना? उलट वाढतेय! पुस्तकात सरळ लिहिलंय की हायड्रोजन बंध होतात. मग माझ्याकडेच का नाही? लवकर सांगा, प्लीज.

माळरान:
झायलोग्लुकन कशातलं? सेल्युलोज म्हणजे गाळणकागद की पूड? साखर कशाने मोजता? काहीच लिहिलं नाहीत.

सायली_वनस्पती:
चिंचोक्यातलं, मीच काढलंय. सेल्युलोजची पूड. साखर फिनॉल-सल्फ्युरिकने, म्हणजे एकूण साखरेच्या रंगाच्या चाचणीने.

घोंगडीवाला:
आमच्याकडे घोंगडीला चिंचोक्याचीच खळ लावतात. ताजी असेल तरच धरते. शिळी झाली की पाण्यासारखी होते, मग कितीही कुंचा फिरवा, कडकपणा येत नाही.

माळरान:
दादा, घोंगडी लोकरीची. लोकर प्रथिन आहे, इथे सेल्युलोजचं चाललंय.

निवृत्त_शिक्षक:
बंध हायड्रोजनचेच. पेशीभित्तिकेतून झायलोग्लुकन सोडवायला २४ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं, ते काय उगाच? युरिया हायड्रोजन बंध मोडतो, तो घालून तपासा.

माळरान:
सर, तेवढ्या अल्कलीत सेल्युलोज स्वतःच फुगतं, त्यावरून बंध कुठला ते ठरत नाही. आणि हायड्रोजन बंध जोडायला भोवती पाणी आहेच की. सेल्युलोजच्या तंतूला पाणी नकोसं असलेली एक बाजू असते. झायलोग्लुकनचा कणाही सेल्युलोजसारखाच, बीटा-१,४ ग्लुकोजचा. तो तिथे आडवा बसला की मध्ये अडकलेलं पाणी मोकळं होतं. २०१६ मध्ये उष्णता मोजून पाहिली तेव्हा बांधणी एन्ट्रॉपीच्या, म्हणजे पाणी असं मोकळं होऊन वाढणाऱ्या विस्कळीतपणाच्या जोरावर होते असंच दिसलं.

निवृत्त_शिक्षक:
मग झायलनचं काय, पेशीभित्तिकेतल्या त्या दुसऱ्या साखळीचं? तेही २०१६ चंच काम, अरॅबिडॉप्सिस या प्रयोगातल्या छोट्या रोपावर, घन अवस्थेतल्या एन.एम.आर.ने (चुंबकीय क्षेत्रात रेणूंची रचना पाहण्याची पद्धत). पाण्यात तीन घटकांत एक फेरा घेणारी साखळी सेल्युलोजवर दोन घटकांच्या फेऱ्याची, सपाट फितीसारखी होते. बाजूच्या फांद्या सम अंतरावर असल्या की त्या एकाच अंगाला येतात आणि दुसरं अंग सेल्युलोजच्या पाणी आवडणाऱ्या बाजूला हायड्रोजन बंधांनी बसतं. एकच नियम सगळ्यांना लावू नका.

माळरान:
झायलनबद्दल मान्य. प्रश्न झायलोग्लुकनचा आहे.

सायली_वनस्पती:
अहो, माझी साखर का वाढतेय?

प्रयोगवही:
आयोडीनने का मोजत नाही? सोडियम सल्फेटसोबत झायलोग्लुकन छान निळं-हिरवं दिसतं.

सायली_वनस्पती:
आधी तसंच करायचे, रंगही यायचा. द्रावण पातळ केल्यापासून येत नाही.

प्रयोगवही:
पातळ म्हणजे? पाणी घालून?

सायली_वनस्पती:
नाही, सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं एन्झाइम) घालून. इतकं चिकट होतं की पिपेटच्या टोकाला तार धरायचं, थेंब तुटायचाच नाही. म्हणून एन्झाइम घालून रात्रभर ठेवलं. सगळे तसंच करत असतील असं वाटलं.

माळरान:
इथेच गोम आहे! सेल्युलेजने साखळीचे तुकडे केले. चार ग्लुकोजच्या कण्याचा सुटा तुकडा सेल्युलोजला धरत नाही, साधारण डझनभर ग्लुकोज सलग लागतात. आयोडीनच्या रंगालाही लांब साखळीच हवी. एन्झाइम उकळून मारलं होतं का?

सायली_वनस्पती:
नाही.

प्रयोगवही:
मग तेच आता तुमचं सेल्युलोज खातंय, साखर वाढणारच. नवं द्रावण करा. झायलोग्लुकनची पूड आधी थोड्या अल्कोहोलमध्ये ओली करा, मग ढवळत गरम पाण्यात सोडा, गुठळ्या होणार नाहीत. ०.१ टक्क्याच्या खाली ठेवलंत की पिपेटमध्ये येईल. तुलनेला एक नळी नुसत्या झायलोग्लुकनची, एक नुसत्या सेल्युलोजची ठेवाच.

निवृत्त_शिक्षक:
युरियाचं राहू दे. त्या दोन नळ्या आधी.

सायली_वनस्पती:
पूड उरलीय, लगेच लॅबला निघते. आणि घोंगडीवाले दादा, तुमच्या शिळ्या खळीतही जंतू साखळ्या तोडत असतील का हो?

घोंगडीवाला:
ते मला माहीत नाही ताई. पण दुसऱ्या दिवशी तिला आंबूस वास येतो, एवढं खरं.