अडीच वर्षांची लेक, तिसरी रात्र, ताप १०२.४. सकाळपर्यंत थांबू का?

कृष्णाकाठची
लेक अडीच वर्षांची, वजन १३ किलो (गेल्याच महिन्यात अंगणवाडीत केलंय). शुक्रवारी दुपारी झोपेतून उठली तीच कढत. तेव्हापासून ताप चढतोय-उतरतोय. आत्ता काखेत १०२.४. औषध दिलं की दोन-तीन तास बरी असते, सोफ्यावर चढते, मांजराला हाका मारते. मग पुन्हा हातपाय गार, कपाळ तव्यासारखं आणि नुसती किरकिर. नाक जरासं वाहतंय, खोकला नाही. खात मात्र काही नाही. वरणभाताचा घास तोंडात घेते आणि थुंकून टाकते. पाणी चमच्याने पितेय.

आज रविवार. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना उद्या १० ला उघडेल. नवरा कामासाठी नागपूरला. सासूबाई म्हणतात ताप डोक्यात जाईल, आत्ताच कुठेतरी ने. त्यांच्या कोलन वॉटरच्या घड्या चालूच आहेत, घरभर वास सुटलाय.

आणखी एक. पॅरासिटामॉलचं सिरप संपलं. ते ३.५ मिली द्यायला सांगितलं होतं. घरात त्याच औषधाचे थेंब आहेत, नवी बाटली. तेही ३.५ मिलीच द्यायचे ना? आधीचा डोस संध्याकाळी ५ ला दिला, आता साडेदहा वाजलेत.

दोन_पोरांची_आई
अगं थांब, थेंब ३.५ मिली देऊ नकोस! आधी दोन्ही बाटल्यांवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचून इथे टाक. सिरपची रिकामी बाटली फेकली नाहीस ना?

कृष्णाकाठची
कचऱ्याच्या डब्यातून काढली. मोबाइलच्या उजेडात वाचलं. सिरपवर ५ मिलीत २५० मिग्रॅ. थेंबांच्या बाटलीवर १ मिलीत १०० मिग्रॅ. म्हणजे थेंब जास्त कडक? मला वाटायचं थेंब तान्ह्या बाळांचे, म्हणजे सौम्य असणार.

दोन_पोरांची_आई
सगळ्यांना तसंच वाटतं, मलाही वाटायचं. थेंब तान्ह्यांसाठी असतात म्हणूनच ते दाट केलेले असतात, थोडक्या औषधात काम व्हावं म्हणून. तुझं सिरप १ मिलीत ५० मिग्रॅ होतं, म्हणजे थेंब बरोबर दुप्पट. ३.५ मिली थेंब दिले असतेस तर ३५० मिग्रॅ पोटात गेलं असतं.

हिशेब वजनावर असतो, वयावर नाही. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिग्रॅ. १३ किलोला १३० ते १९५. तुझ्या डॉक्टरांनी दिलेले ३.५ मिली म्हणजे १७५, बरोबर मधे बसतं. तेच थेंबांतून द्यायचं तर १.७ ते १.८ मिली. बाटलीसोबतच्या ड्रॉपरवरच्या रेघा बघून दे, स्वयंपाकघरातला चमचा घेऊ नकोस. आमच्याकडच्या दोन 'छोट्या चमच्यां'पैकी एकात दुसऱ्याच्या दीडपट पाणी मावतं, मी मोजून बघितलंय.

साडेपाच तास झालेत, आता चालेल. शक्यतो सहा तासांनी द्यावं, चार तासांच्या आत कधीच नाही आणि २४ तासांत चारदा पुरे. फ्रिजवर कागद चिकटव, वेळ आणि मिली लिहीत जा. घरात दोन माणसं औषध देणारी असली की एकाने दिलेलं दुसऱ्याला माहीत नसतं. सर्दीचं काही सिरप चालू असेल तर त्याचंही लेबल बघ, पुष्कळांत पॅरासिटामॉल असतंच.

उपकेंद्रातली_सिस्टर
औषधाचं वर सांगून झालंय. मी चार गोष्टी विचारते. शेवटची शू कधी केली? रडताना डोळ्यांत पाणी येतं का? ताप थोडा उतरला की तुझ्याकडे बघून हसते का? झोपेत श्वास कसा चाललाय?

श्वासाचं असं कर. ती गाढ झोपली की झबलं वर कर, पोटावर नजर ठेव आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोज. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, लहान मुलांत ते फसतं. एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त आले तर तो जलद श्वास. तापात श्वास थोडा वाढतोच, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजायचा. पण बरगड्यांखाली खड्डा पडतोय किंवा कण्हल्यासारखा आवाज येतोय, तर मोजत बसू नकोस, निघ.

कृष्णाकाठची
शू साडेआठला केली, पिवळी होती पण झाली. रडताना पाणी येतं, भरपूर येतं. ५ च्या औषधानंतर हसली, मांजराला बिस्किटही दिलं (स्वतः खाल्लं नाही). आत्ता १.७ मिली दिलं, झोपतेय. मोजून सांगते.

निवृत्त_नाना
आम्ही तीन मुलं वाढवली, कोलन वॉटरच्या घड्यांवर आणि मिठाच्या पाण्याच्या पट्ट्यांवर. एकालाही काही झालं नाही. हल्ली लगेच मिग्रॅ आणि मिली. आणि जायफळ उगाळून कपाळावर लावा, थोडं चाटवा, मूल शांत झोपतं.

उपकेंद्रातली_सिस्टर
नाना, पट्टीला माझी हरकत नाही, मुलाला बरं वाटत असेल तर साध्या कोमट पाण्याची ठेवावी. गार पाण्याची किंवा बर्फाची नको. त्याने कातडीकडचं रक्त आत ओढलं जातं, मूल कुडकुडतं आणि कुडकुडण्याने आतली उष्णता उलट वाढते. कोलन वॉटर म्हणजे निम्म्याहून जास्त अल्कोहोल. मूल त्याच्या वाफेत रात्रभर श्वास घेतं, ते कशाला?

जायफळ मात्र चाटवू नका. त्याने गुंगी येते. तापातलं मूल मलूल झालंय की जायफळाने पेंगतंय, हे मग मला काय, मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरलाही कळणार नाही. कापराच्या पुरचुंडीचं तेच. कापूर तोंडात गेला तर त्यानेच झटके येतात.

आणि 'ताप डोक्यात जातो' याबद्दल ताईंच्या सासूबाईंना सांगा, ताप मुळात डोक्यातूनच निघतो. मेंदूत अंगाची उष्णता ठरवणारं एक ठिकाण आहे, जंतू आत आले की तेच काटा वर सरकवतं. चढताना हातपाय गार पडतात ते त्यामुळे. साध्या आजारात १०२-१०३ ने मेंदूला इजा होत नाही. मेंदूज्वरात होते, पण ती त्या आजाराने, तापाच्या आकड्याने नाही.

निवृत्त_नाना
बरं. घड्या तरी वासाला चांगल्या होत्या.

ठाण्याचा_बाबा
आमच्याकडे पॅरासिटामॉलने नाही उतरला की मेफेनॅमिक ॲसिडवालं देतो. अर्ध्या तासात घाम येऊन ताप गायब. ताई, तेही घरात ठेवा.

दोन_पोरांची_आई
दादा, आपल्या मनाने नको. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित होणाऱ्या एका गंभीर ॲलर्जीबद्दल भारतीय फार्माकोपिया आयोगाने २०२३ मध्ये सावध केलं होतं. पावसाळ्यात तर डेंग्यू आहे की नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक, ॲस्पिरिन यांतलं काहीच नको, रक्तस्रावाची भीती वाढते. पूर्वी निमेसुलाइडही असंच 'लगेच उतरतो' म्हणून घरोघरी होतं, ते १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ मध्ये बंद झालं. ताप अर्ध्या तासात गायब करायची घाई मुलाला नसते, आपल्याला असते.

ठाण्याचा_बाबा
डॉक्टरांनीच एकदा लिहून दिलं होतं हो. पण हे माहीत नव्हतं. बाटली ठेवतो बाजूला.

अनुभवी_बाप
माझी गोष्ट सांगतो, घाबरवायला नाही. मुलगी १४ महिन्यांची होती. संध्याकाळी थोडी कणकण, आम्ही थर्मामीटर शोधतोय तोवर मांडीवरच डोळे वर गेले, हातपाय ताडताड उडायला लागले, ओठ निळसर. आई चमचा घेऊन धावली, दात बसतील म्हणून. शेजारच्या काकू कांदा फोडून घेऊन आल्या. कुणीतरी चप्पल हुंगवा म्हणालं. मी चप्पल हातात घेतलीही होती.

दीड-दोन मिनिटांत थांबलं. मला ते अर्धा तास वाटलं होतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते असं: तापातले असे झटके ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांत येतात, शंभरातल्या दोन ते पाच मुलांना. बहुतेकदा मागे काही ठेवून जात नाहीत. मुलाला जमिनीवर कुशीला वळवायचं, तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८. थांबलं तरी पहिल्यांदाच आलेलं असेल तर त्याच दिवशी दाखवायचं. वेळेवर पॅरासिटामॉल देत राहिलं की झटका टळतो असं मला वाटायचं. डॉक्टर म्हणाले, तशी खात्री नाही, औषध मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं.

चप्पल अजून आहे घरात. बायको अधूनमधून चिडवते.

लीड्सकर
इकडे इंग्लंडमध्ये काही वेगळं नाही. १०२.४ म्हणजे इकडचे ३९.१ सेल्सिअस. मुलाचा तसाच ताप असताना मी १११ ला (इथल्या सरकारी आरोग्य हेल्पलाइनला) फोन केला, तर बाईंनी आकडा एकदाच विचारला आणि पुढची दहा मिनिटं 'पितोय का, खेळतोय का, अंगावर पुरळ आहे का, ग्लास दाबल्यावर ते पुसट होतं का' हेच. त्यांच्याकडे पट्ट्या ठेवायलाही सांगत नाहीत. एक मऊ सुती झबलं, पंखा हळू, बस. आमची आई व्हिडिओ कॉलवर कानटोपी घाल म्हणून ओरडत होती.

कृष्णाकाठची
श्वास ३२. दोनदा मोजला. पोट शांत हलतंय, खड्डा नाही. ताप १००.८ वर आलाय. मग सकाळी १० ला जाते. पण रात्रीत नक्की काय दिसलं तर निघायचं, एकदा सांगा. मी जागीच आहे.

उपकेंद्रातली_सिस्टर
३२ छान. झोपू दे, ताप मोजायला उठवू नकोस. झोपलेल्या मुलाला औषधासाठी उठवायचीही गरज नसते.

निघायचं ते असं दिसलं तर: उठवूनही नीट जागी होत नाही किंवा ताप उतरल्यावरही मान टाकून पडते. आठ-दहा तास शू नाही. प्यायलेलं सगळं उलटतंय. श्वास वर लिहिल्यासारखा. मान ताठ, उजेड सहन होत नाही. अंगावर लाल-जांभळे ठिपके, दाबून पुसट न होणारे. झटका. आणि एक तुझं स्वतःचं, 'ही आज वेगळीच दिसतेय' असं आईला वाटणं. मी इतकी वर्षं हे काम करतेय, आयांच्या या वाक्याकडे मी दुर्लक्ष करत नाही.

उद्या दाखव मात्र नक्की. पावसाळ्यात तीन दिवसांवर गेलेला ताप घरात ठेवायचा नाही, डेंग्यू-मलेरिया बघायला हवा. आणि डेंग्यूची खोड अशी की ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे दिवस सुरू होतात. ताप गेला पण पोट दुखतंय, उलट्या होतायत, हिरड्यांतून रक्त, मूल गळून गेलंय, तर 'बरी झाली' म्हणून थांबायचं नाही.

इतर वाचणाऱ्यांसाठी: हे सगळं अडीच वर्षांच्या मुलीचं आहे. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि १००.४ भरला, तर घरी काही करायचं नाही, औषधही नाही. रात्र असो की पहाट, थेट दवाखाना.

पेजवाली_मावशी
खाण्याची काळजी करू नकोस गं. दोन-चार दिवस कमी खाल्लं तर भरून निघतं, पाणी कमी पडलं तर नाही. भाताची पेज मीठ घालून, वरणावरचं पाणी, पातळ ताक, शहाळं, जे घेईल ते दर दहा मिनिटांनी दोन चमचे. ओआरएस द्यायचं तर पुडीवर लिहिलंय तेवढ्या पाण्यात (मोठ्या पुडीला लिटरभर) अख्खी पुडी, पाव-पाव काढून ग्लासात नाही. गोड सरबताच्या खोक्यावर ओआरएस लिहून विकत होते, त्याला २०२५ मध्ये बंदी आली, पण जुना माल दुकानात असेल तर बघून घे. तोंडात घास घेऊन थुंकते म्हणालीस ना? उद्या डॉक्टरांना घसा आणि गाल आतून बघायला सांग. भूक नसलेलं मूल घास तोंडातच घेत नाही. हिला घ्यायचा आहे, पण काहीतरी झोंबतंय.

कृष्णाकाठची
(सोमवार, दुपारी)
मावशी, तुमच्या तोंडात साखर पडो. डॉक्टरांनी बॅटरी लावून जीभ खाली दाबली तर टाळ्यावर आणि गालाच्या आत पांढुरके फोड. मग तळपाय उलटा केला, तिथे दोन लाल ठिपके. मी सकाळी डास चावलेत समजले होते. हात-पाय-तोंडाचा आजार. गल्लीतल्या दोन मुलांना होऊन गेलाय म्हणे. आज ताप ९९.६. खबरदारी म्हणून रक्त तपासलं, डेंग्यू नाही. अँटिबायोटिक काही दिलं नाही. मी दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाले. गार ताक बिनमिरचीचं, गार खीर, आणि तेच पॅरासिटामॉल, दुखण्यासाठी.

सासूबाईंनी कोलन वॉटरची बाटली कपाटात ठेवली. स्वतःच्या रुमालावर मात्र लावतात, डोकं दुखतंय म्हणून, माझ्यामुळे.

प्लेग्रुपला कधी पाठवू?

उपकेंद्रातली_सिस्टर
ताप जाऊन एक दिवस होऊ दे आणि फोड सुकू दे. शौचातून विषाणू पुढे काही आठवडे जात राहतो, तेव्हा शी धुतल्यावर साबणाने हात, तुझेही आणि आजींचेही. आणि तीन-चार आठवड्यांनी बोटांची नखं मुळापासून सुटायला लागली तर इथे रात्री साडेदहाला नवा धागा काढू नकोस. या आजारानंतर काही मुलांची सुटतात, खालून नवी येतात.