मदत हवी आहे : डॅनिश ‘फूल’ देवनागरीत कसं लिहू?

नमस्कार मंडळी. उत्तर युरोपातल्या पक्ष्यांच्या नावांची मराठी यादी करतेय आणि पहिल्याच शब्दाला गाडी अडलीय. ‘पक्षी’साठी डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये लिहितात एकच, एफ-यू-जी-एल. पण डॅनिश माणूस त्यातला ‘ग’ पार गिळतो, वर स्वराला मध्येच एक झटका देतो. कानाला चक्क आपलं ‘फूल’च ऐकू येतं! ऑस्लोकडेही साधारण ‘फ्यूल’सारखंच. स्वीडिशमध्ये मात्र ‘फोगेल’, तिथे ‘ग’ शाबूत. फेरो बेटांवर पुढे ‘उर’ लागून ‘फुगलुर’. आइसलँडिकमध्ये स्पेलिंग डॅनिशसारखंच, उच्चार वेगळा, त्यात शेवटचा ‘ल’ जेमतेम ऐकू येतो.

आता प्रश्न. देवनागरीत उच्चारानुसार लिहू की स्पेलिंगनुसार? ‘फूल’ लिहिलं तर वाचणारा फुलबागेतच शिरेल. शिवाय नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, बर्गनकडे, ‘ग’ उच्चारतात का? तिकडे राहिलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा. जमल्यास आवाज रेकॉर्ड करून टाका. आणि स्वीडिश ‘लुन्नेफोगेल’, म्हणजे पफिन, एकच शब्द लिहावा की तोडून?